नवा शॉकअप दीड महिन्यात का गळला? ताडोब्याच्या एका जिप्सीचं प्रकरण

पार्श्वभूमी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात पर्यटकांना फिरवणाऱ्या एका जिप्सीचं हे प्रकरण आहे. मालक, गाव, गेट आणि गॅरेज यांची ओळख मुद्दाम काढून टाकली आहे. मी या भागात गाड्यांची तपासणी आणि दुरुस्ती करतो. ही गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिच्यावर दोनदा काम होऊन गेलं होतं.

आधी गाडीविषयी थोडं. जिप्सी १९८५ साली बाजारात आली. मूळ वजन जेमतेम एक टन, पेट्रोल इंजिन, चारही चाकांना ओढ देणारा वेगळा गिअर. पुढे आणि मागे दोन्हीकडे सरळ ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा, आणि त्यावर पाटे, म्हणजे कमानदार पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. कॉइल स्प्रिंग कुठेच नाही. गाडी रांगडी, दुरुस्तीला सोपी आणि अरुंद वाटेवर चटकन वळणारी, म्हणून सफारीवाल्यांनी ती उचलून धरली. आता नवी मिळत नाही. त्यामुळे जंगलात फिरणाऱ्या बहुतेक जिप्सी म्हाताऱ्या झाल्या आहेत, आणि त्यांच्या पाट्यांची मूळ कमान कितपत उरली आहे हे मोजायला सहसा कोणी जात नाही.

सफारीसाठी गाडीचं छप्पर काढतात आणि मागे चढत्या उंचीची दोन बाकं बसवतात, म्हणजे मागच्या बाकावरच्यालाही पुढच्यांच्या डोक्यावरून दिसावं. सहा पर्यटक, एक गाईड, एक ड्रायव्हर. आठ माणसं म्हणजे पाच-साडेपाचशे किलो झालेच. बाकांच्या लोखंडी सांगाड्याचं वजन वेगळं. गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त भार वर चढतो, तोही उंचावर आणि बराचसा मागच्या ॲक्सलवर किंवा त्याच्याही मागे. दिवसाला दोन फेऱ्या, सकाळची आणि दुपारची. रस्ता कच्चा, धुळीचा. गाड्या त्याच वाटेने सतत फिरून त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा तयार होतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो.

या सगळ्यात शॉकअपचं काम काय? गाडीचा भार पाटे पेलतात. शॉकअप भार पेलत नाही. खड्ड्यातून चाक वर गेलं की पाटा दबतो आणि मग उसळून परत सुटतो. ती उसळी शॉकअप आवरतो. आत तेल असतं आणि त्यातून बारीक झडपा असलेला पिस्टन फिरतो. तेल त्या झडपांमधून जाताना उसळीची ताकद उष्णतेत जाते. नीट काम करणारा शॉकअप खराब वाटेवर म्हणूनच गरम होतो.

अडचण

हंगाम ऐन भरात असताना मालकाच्या लक्षात आलं की मागच्या उजव्या शॉकअपवर तेल आहे. आधी गावातल्या मेकॅनिकने तेवढाच एक बदलून दिला. डावा कोरडा होता, म्हणून त्याला हात लावला नाही. दीडेक महिन्यात नवा उजवा शॉकअप पुन्हा ओला झाला. मालकाने दुकानदाराला धारेवर धरलं: माल डुप्लिकेट दिला. दुकानदाराने दुसरा बदलून दिला. तोही काही आठवड्यांत ओघळू लागला.

मग तो माझ्याकडे आला. गाडी उभी करायच्या आधीच म्हणाला, “भाऊ, तिसरा शॉकअप गळून राह्यला. आता चांगल्या कंपनीचा सांगा, पैसे लागू द्या.”

शॉकअप कोणत्या कंपनीचा यापेक्षा मला ड्रायव्हरने सांगितलेल्या दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटल्या. पहिली: मागच्या बाकावरचे लोक तक्रार करतात की खड्ड्यात गाडी आपटत नाही, पण खड्ड्यातून निघताना मागून ‘टाक’ असा आवाज येतो आणि बाक वर फेकल्यासारखं होतं. दुसरी: भरलेल्या गाडीचं स्टिअरिंग ‘हलकं लागते’, सरळ डांबरी रस्त्यावरही सारखं सावरावं लागतं.

यातल्या पहिल्या गोष्टीत उत्तर अर्धं दडलेलं होतं. शॉकअप पूर्ण दाबला गेला तर आवाज खड्ड्यात येतो. पूर्ण ओढला गेला तर आवाज चाक खाली लटकताना, म्हणजे चाक खड्ड्यात उतरताना किंवा खड्ड्यातून निघून गाडीची मागची बाजू वर उसळताना येतो. इथे आवाज दुसऱ्या जातीचा होता.

तपासणी

शॉकअप तपासताना बरेच जण बंपर दाबून सोडतात आणि गाडी किती वेळा हलते ते बघतात. पाट्यांच्या गाडीवर ही चाचणी फसवते. पाटे एकमेकांवर घासतात आणि तेवढ्या घासण्यानेच हलणं थांबतं. शॉकअप मेलेला असला तरी गाडी एका हेलकाव्यात गप्प होते. या गाडीवरही तेच झालं. मालक म्हणाला, “बघा, बरोबर तर आहे.” बरोबर नव्हतं.

त्याऐवजी गाडी रिकामीच कच्च्या वाटेवर थोडा वेळ चालवून आणली आणि परत येताच चारही शॉकअपच्या अंगाला हात लावून पाहिला. पुढचे दोन्ही चांगले कोमट. मागचा उजवा कोमट, वरून ओला. मागचा डावा मात्र गार, जसा गेला तसाच आला.

गार म्हणजे त्याने काही काम केलंच नाही. हाच तो कोरडा शॉकअप, ज्याला दोन वेळा ‘चांगला आहे’ म्हणून सोडून दिलं होतं. काढून उभा धरला आणि रॉड दाबला तर एका बोटाने सरकला आणि तिथेच राहिला. चांगला शॉकअप ओढताना दाबण्यापेक्षा जास्त जोर मागतो, आणि मध्ये कुठे मोकळी जागा जाणवत नाही. याच्यात सगळीच मोकळी जागा होती. आतलं तेल कधीचं गळून, वाळून, धुऊन गेलं होतं. ओला शॉकअप निदान तक्रार तरी करतो. कोरडा इतका बेमालूम मेला होता की कोणाला संशयही आला नाही.

आता उजवा. रॉडवर थोडी ओल आणि तिला चिकटलेली धूळ एवढंच असेल तर मी शॉकअप बदलायला सांगत नाही. सील, म्हणजे तेल बाहेर येऊ न देणारी रबरी कडी, रॉडला ओलसर ठेवतं आणि तेलाचा पातळ थर दिसणं नॉर्मल आहे. इथे मात्र तेल खालच्या डोळ्यापर्यंत, म्हणजे बोल्टच्या कडीपर्यंत, ओघळून त्याचा धुळीशी काळा लगदा झाला होता, आणि गाडी उभी राहिली की खाली थेंब पडत होता. पुसून, पुन्हा चालवून पाहिलं तरी ओघळ परत आला. ही खरी गळती. पण सील का गेलं, हा प्रश्न राहिलाच.

मागून गाडी पाहिली तर ती वाजवीपेक्षा उंच दिसत होती. मागच्या शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या हलत्या पट्ट्या, मूळ मापाच्या नव्हत्या. दोनेक इंच लांब, स्थानिक वर्कशॉपमधून पट्टी कापून केलेल्या. वर पाट्यांच्या गठ्ठ्यात एक जादा पाटा घातलेला. विचारलं तर मालकाने सांगितलं: गेल्या हंगामात गाडी भरली की मागून बसायची, उजव्या बाजूचं बंप स्टॉपचं (ॲक्सल वर आपटू नये म्हणून लावलेलं) रबर तुटून पडलं होतं, पर्यटक हिसके बसतात म्हणून ओरडायचे. म्हणून पाटा वाढवला आणि शॅकल लांब केल्या. उंची मिळाली, गाडी बसायची थांबली. त्यानंतर दीड महिन्यात पहिला शॉकअप गळला.

शॅकल किती लांब केली त्याच्या साधारण निम्मी उंची गाडीला मिळते. म्हणजे दोन इंचाची शॅकल गाडी एक इंच उचलते. त्यात जादा पाट्याची उंची. हे ऐकायला फार वाटत नाही. पण शॉकअपची उघडी लांबी तीच राहिली, मूळ गाडीच्या मापाची.

मोजायचं कसं ते सांगतो, कारण या प्रकरणात निर्णय इथे ठरला. चेसिस स्टँडवर घेतली, मागची दोन्ही चाकं हवेत. शॉकअपचा खालचा बोल्ट सोडला आणि ॲक्सल स्वतःच्या वजनाने पूर्ण खाली जाऊ दिला. मग शॉकअप हाताने जितका निघेल तितका ओढला आणि खालच्या खुंटीवर बसतो का पाहिलं. बसला नाही. डोळा खुंटीच्या जरासा वरच अडला.

म्हणजे दर वेळी चाक खड्ड्यात लटकलं की ॲक्सलला अडवण्याचं काम शॉकअप करत होता. पिस्टन आतल्या गाईडवर, म्हणजे रॉडला सरळ धरणाऱ्या कडीवर, आदळायचा, ‘टाक’ आवाज यायचा, आणि तो झटका थेट सील आणि रॉडच्या गाईडवर जायचा. दुसऱ्या बाजूचा शॉकअप मेलेला, त्यामुळे ॲक्सलची सगळी उसळी या एकट्यानेच झेलायची. नवा शॉकअप कितीही चांगला घातला असता तरी थोड्याच दिवसांचा सोबती होता.

एक शंका उरत होती. तुटलेल्या बंप स्टॉपमुळे तो पूर्ण दाबला जाऊनही खराब होत असेल का? म्हणून दोन्ही बाजूंना बंप स्टॉपच्या ठिकाणी ग्रीसचा गोळा लावून गाडी पूर्ण भाराने एक फेरी फिरवली. फेरीसाठी शॉकअप तात्पुरते परत जोडले होते. डावीकडचा गोळा तसाच, उजवीकडचा वरून जरासा चेपलेला. गाडी इतकी उंच केली होती की खाली बसण्याचा प्रश्नच जवळजवळ संपला होता. दाबाचा दोष नाही, ओढीचा आहे, हे पक्कं झालं.

स्टिअरिंगचंही याच्याशीच नातं होतं. नुसती मागची बाजू उचलली की पुढच्या चाकांचा कॅस्टरचा कोन (चाक ज्यावर वळतं त्या खुंटीचा मागे झुकाव) कमी होतो, आणि तोच कोन स्टिअरिंगला सरळ राहायला मदत करतो. शिवाय लांब शॅकलने मागचा ॲक्सल फिरतो, त्याचं तोंड वर होतं आणि प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची ताकद ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या, क्रॉसचा (वळत्या सांध्याचा) कोन बदलतो. मागच्या क्रॉसमध्ये हाताने हलवून कळेल इतकी ढिलाई होती. टायर पाहिले तर मागच्या दोन्ही टायरवर एकाआड एक खळगे, डावीकडे जास्त. चाक रस्त्याला चिकटून न राहता टपाटप उडत असलं की असंच झिजतं. आधी कोणी टायरवरून नुसता हात फिरवला असता तरी डावा शॉकअप पकडला गेला असता.

पुढची बाजू ठीक होती. पाट्यांची कमान थोडी उतरलेली, पण बुश (सांध्यांतले रबर) शाबूत, शॉकअप कोरडे आणि कोमट. तिच्यावर फार वेळ घालवला नाही.

पर्याय

मालकापुढे एकूण पाच रस्ते होते. ते सगळे त्याच्याशी बोलून तपासले. हंगामात गाडी उभी राहणं म्हणजे काय हे त्याला चांगलं ठाऊक होतं; चार साध्या शॉकअपची किंमत त्याच्या दृष्टीने एका दिवसाच्या दोन फेऱ्यांच्या भाड्याइतकीच. पैसे सोडायला तो तयार होता. दिवस सोडायला तयार नव्हता.

३० जूनपर्यंत असंच चालवणं. जुलै ते सप्टेंबर कोर क्षेत्र, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, बंद असतं, तेव्हा सगळं सावकाश करू. त्याचा मूळ कल इकडेच होता. मी याला विरोध केला. मागच्या ॲक्सलला धड एकही शॉकअप नाही आणि उंचावर सहा माणसं. जंगलातल्या कमी वेगात गाडी पलटी होणार नाही हे मान्य; पण ही गाडी गेटपर्यंत डांबरी रस्त्यानेच जाते, आणि तिथे ब्रेक मारताना मागची चाकं रस्त्यावरून उडणं मला मान्य नव्हतं.

जुना शॉकअप ‘भरून घेणं’. आपल्याकडे हे सर्रास चालतं. बाहेरच्या नळीला भोक पाडतात, नवीन तेल ओततात, वेल्डिंग किंवा ब्रेझिंगने भोक बुजवतात. स्वस्त पडतं. पण गेलेलं सील तसंच राहतं, भोक पाडताना लोखंडाचा चुरा झडपांमध्ये जातो आणि तेलाचा जाडपणा अंदाजाने ठरतो. शॉकअप गॅसचा, म्हणजे तेलासोबत दाबाखाली गॅस भरलेला, असेल तर त्याला भोक पाडणं किंवा गरम करणं धोक्याचंच. हा पर्याय मालकानेच आधी काढून टाकला. एका ओळखीच्या गाडीवर त्याने हे पाहिलं होतं.

भारी गॅसचे शॉकअप. याचीच चौकशी करायला तो आला होता. किंमत साध्याच्या तीन-चार पट. आडव्या लाटांच्या रस्त्यावर तेलात हवा मिसळून फेस होतो आणि शॉकअप ढिला पडतो. गॅसच्या दाबाने हा फेस कमी होतो, एवढा फायदा खरा आहे. पण ते मूळ मापाचे मागवले असते तर तेही लटकताना आदळले असते.

उंचीच्या मापाचे लांब शॉकअप. हा पर्याय तांत्रिकदृष्ट्या चुकीचा नाही. उंच केलेल्या गाड्यांना लोक हेच करतात. पण लांब शॉकअप घातले की दबलेली लांबीही वाढते, म्हणून बंप स्टॉप खाली आणावे लागतात. शिवाय क्रॉस आणि स्टिअरिंगचं दुखणं तसंच राहिलं असतं. सफारीच्या गाडीला मोठे टायर नाहीत, दगडांतून चढायचं नाही. तिला या उंचीची गरज काय, असा माझा प्रश्न होता.

उंची परत घेणं. मूळ मापाच्या शॅकल, दोन्हीकडे नवे बंप स्टॉप, चारही साधे शॉकअप मूळ मापाचे. अडचण एकच: उंची काढली की पाट्यांचं मूळ दुखणं उघडं पडणार. कमान गेली म्हणून तर पाटा वाढवला होता.

निर्णय कसा झाला

शेवटचा रस्ता धरायचा, पण दोन टप्प्यांत, असं ठरलं.

पहिल्या टप्प्यासाठी मंगळवार निवडला. त्या दिवशी कोर क्षेत्राला साप्ताहिक सुट्टी असते, त्यामुळे मालकाची एकही फेरी बुडाली नाही. त्या आधीच्या आठवड्यात गाडीवर मागच्या बाकावर दोनच माणसं बसवायची, एवढी अट मी घातली होती. ती कितपत पाळली गेली ते ड्रायव्हरच सांगू शकेल.

जादा पाट्यावर मात्र आमचं जमलं नाही. माझं मत होतं की तोही आत्ताच काढावा. मालक म्हणाला, “तो काढला तं गाडी बसून जाईन, मंग पर्यटक मलेच बोलतीन.” त्याचंही चूक नव्हतं. उतरलेल्या पाट्यांवर पूर्ण भार दिला असता तर गाडी दर खड्ड्यात नव्या बंप स्टॉपवर आपटली असती. शॅकल मूळ मापाच्या लावल्यावर जादा पाट्यासह पुन्हा मोजलं: ॲक्सल लटकवून पाहिला तर शॉकअप खुंटीवर बसून वर पाऊण इंच ओढायला शिल्लक राहिला. फार मोठी सवलत नाही, पण पिस्टन आदळणार नव्हता. म्हणून जादा पाटा जूनअखेरपर्यंत ठेवायला मी होकार दिला.

चारही शॉकअप बदलायचे की मागचे दोनच, हाही प्रश्न आला. एका ॲक्सलवरचे दोन्ही एकदम बदलायचेच, यात तडजोड नाही. एक नवा आणि एक मेलेला ठेवला की काय होतं ते इथे दिसलंच होतं. पुढचे चांगले होते. मी म्हणालो राहू दे. मालकाने तेही बदलून घेतले, जुने सुटे म्हणून घरी ठेवले. हंगामात गाडीला सुटा शॉकअप जवळ असणं वाईट नाही, त्यामुळे मी वाद घातला नाही.

काम

जोडणीतल्या दोन-तीन गोष्टी घाईत राहून जातात म्हणून नोंदवतो.

नवा शॉकअप दुकानात आडवा पडून असतो, त्यामुळे आतल्या नळीत हवा जाते. बसवण्याआधी तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबायचा आणि ओढायचा. सुरुवातीला मध्ये पोकळ लागतं, मग जोर सलग येतो. ज्या शॉकअपला वर नट असतो तिथे नट आवळताना रॉड फिरतो, आणि हात मोकळा नसला की मेकॅनिक पक्कडीने रॉड धरतो. रॉडवरच्या क्रोमला एवढा ओरखडाही पुरे. प्रत्येक फेरीत तो ओरखडा सीलला कापत राहतो. रॉडचं टोक धरायला खाच दिलेली असते, पाना तिथेच लावायचा.

पाट्यांचे आणि शॉकअपचे बुशचे बोल्ट गाडी चाकांवर खाली उतरवल्यावर शेवटचे आवळायचे. चाकं लटकत असताना आवळले तर रबर त्याच अवस्थेत पकडलं जातं, गाडी खाली आल्यावर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मागच्या डाव्या पाट्याच्या डोळ्याचं बुश असंच चिरलेलं निघालं. तेही बदललं. पाटे ॲक्सलला बांधणारे यू बोल्ट नवे लावले आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा आवळून घेतले. नवे पाटे-बोल्ट बसले की पहिल्या काही दिवसांत ढिले पडतात.

प्रोपेलर शाफ्टचा मागचा क्रॉस बदलला. चारचाकी ओढीचा गिअर टाकून गाडी मोकळ्या मैदानात सावकाश फिरवली, थरथर नव्हती. टायर अदलाबदल करून मागचे पुढे घेतले नाहीत, कारण खळगे पडलेले टायर पुढे आले की स्टिअरिंगला आवाज येतो आणि मग खरं दुखणं कुठे आहे ते कळेनासं होतं.

निकाल

‘टाक’ आवाज त्याच दिवशी गेला. स्टिअरिंग जाग्यावर आलं असं ड्रायव्हरने दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या फेरीनंतर सांगितलं. उरलेल्या हंगामात एकही शॉकअप गळला नाही. हात लावून पाहिलं तर आता मागचे दोन्ही सारखेच गरम व्हायचे.

पर्यटकांचे हिसके मात्र पूर्ण गेले नाहीत. जादा पाट्यामुळे मागची बाजू कडकच राहिली. शॉकअप उसळी आवरतो, पाटा मऊ करत नाही. हलक्या भाराने, म्हणजे दोन-तीन पर्यटक घेऊन गेली की गाडी जास्तच धडधडायची. पूर्ण भरली की बरी. मालकाला वाटलं होतं नवे शॉकअप लागले की गाडी कारसारखी चालेल, आणि तसं होणार नाही हे मी आधी दोनदा सांगूनही त्याची थोडी निराशा झालीच.

दुसरा टप्पा पावसाळ्यात झाला. तेव्हा प्रश्न होता की जुन्या पाट्यांना पुन्हा कमान मारून घ्यायची की मागचा गठ्ठा नवा घ्यायचा. कमान मारलेला पाटा स्वस्त पडतो, पण जुनं पोलाद पुन्हा लवकर उतरतं, आणि दोन्ही बाजू सारख्या उतरतील याची खात्री नसते. नवा गठ्ठा घेतला, जादा पाटा काढून टाकला. सोबत मी बाकांचा सांगाडा बघायला सांगितला. मागचं बाक गरजेपेक्षा बरंच उंच आणि मागे होतं. दृश्य तेवढंच राखून ते पुढे घेता येत होतं. वेल्डरने ते चार इंच पुढे घेतलं आणि जाड अँगल बदलून हलका पाइप लावला. मागच्या ॲक्सलवरचा भार कमी झाला. या एका बदलाचा पर्यटकांना जितका फरक जाणवला तितका शॉकअपने जाणवला नाही, असं ड्रायव्हरचं म्हणणं आहे. मला ते पटतं.

पुढच्या हंगामाच्या मध्यावर गाडी पुन्हा पाहिली. मागचे कोरडे आणि कामाचे. पुढच्या उजव्यावर ओलीचा पातळ थर आणि धूळ. पुसून पाहिली, ओघळ परत आला नाही. तो तसाच ठेवला.

काय वेगळं करता आलं असतं

पहिला मेकॅनिक चुकला तो एकच शॉकअप बदलण्यात. पण त्याहून आधीची जागा म्हणजे शॅकल लांब केल्या तो दिवस. गाडी उचलणाऱ्या वर्कशॉपने ॲक्सल लटकवून शॉकअपची लांबी एकदा मोजली असती तर पुढचा सगळा व्याप झाला नसता. जॅक, एक स्टँड आणि पाना, एवढंच त्याला लागतं. मी आता उंची बदललेली कुठलीही गाडी आली की शॉकअपला हात लावण्याआधी हे माप घेतो, गाडी सफारीची असो की ट्रेकिंगवाल्यांची.

दुकानदाराचं काय? त्याचा माल डुप्लिकेट नव्हता. दुसऱ्यांदा गळल्यावर त्याने वाद टाळायला शॉकअप बदलून दिला, आणि त्यामुळे मालकाला पक्कं वाटलं की माल खराब होता. दुसऱ्यांदा गळतो तेव्हा जुना शॉकअप परत घेताना उघडून आत पाहिलं असतं तर पिस्टन गाईडवर आदळल्याची खूण तिथेच दिसली असती. ती खूण मला नंतर दोन्ही टाकलेल्या शॉकअपमध्ये सापडली.

एक निर्णय अजून माझ्या मनात वादाचा आहे: जादा पाटा जूनअखेरपर्यंत ठेवू देणं. गाडी सुरक्षित होती, मापात होती, पण त्या काळात मागचे नवे शॉकअप अशा पाट्यावर काम करत राहिले जो त्यांच्या झडपांसाठी फार कडक होता. उसळी जितकी कडक, तितकी ती आवरायला शॉकअपला ओढीच्या बाजूला जास्त जोर लावावा लागतो. मूळ मापाच्या शॉकअपमध्ये तेवढा जोर नसतो. ते टिकले, हे खरं. मे महिन्यात थेट नवा गठ्ठा घातला असता तर दोनदा गाडी खोलण्याचा खर्च वाचला असता, पण तेव्हा गठ्ठा मागवायला लागणारे दिवस मालकाकडे नव्हते.

त्याच्याकडे अजून एक जिप्सी आहे, तशाच लांब शॅकलवर. तिचे शॉकअप कोरडे आहेत. मी ते उभे धरून दाबून पाहायला सांगितलं आहे. तो म्हणतो हंगाम संपल्यावर बघू.